दाताचं सेंटरिंग : एनॅमल, दोन एन्झाइम्स आणि थोडं आपल्या मुलांबद्दल



मुलांच्या दातांबद्दल आपल्या घरांत एकच थिअरी चालते. दात खराब दिसला, की एक तर गोड जास्त झालं नाही तर घासणं कमी पडलं. तिसरं कारण कुणाला सुचत नाही. आणि दोन्ही खटल्यांत आरोपी एकच, मुलाची आई. भारतातून फोन येतो, "काय गं, तिकडे पोरीला नुसती चॉकलेटं देतेस की काय?" इथले डेंटिस्टही कधी कधी त्याच चालीवर असतात. आम्हाला पहिल्यांदा भेटलेल्या डेंटिस्टनं तोंडात बघून दोन मिनिटांत निकाल दिला आणि पुढची पाच मिनिटं ज्यूसवर भाषण.

तिसरं कारण असतं. ते काय, हे मला गेल्या दोन वर्षांत शिकावं लागलं. आमची थोरली आता आठ वर्षांची आहे. सहाव्या वर्षी तिची मागची पहिली कायमची दाढ वर आली ती पिवळट-तपकिरी डाग घेऊनच. गार पाणी लागलं की ती कळवळायची. वर्षभरात त्या दाढेचा कोपरा चक्क तुटला. बाजूचे दुधाचे दात मात्र ठणठणीत. मी पेशानं सॉफ्टवेअरवाला, बारावीला बायॉलॉजी सोडून इलेक्ट्रॉनिक्स घेतलेला. पण एक गोष्ट मलाही खटकली. चॉकलेटनंच दाढ गेली असेल, तर तेच चॉकलेट सहा वर्षं खाल्लेले दुधाचे दात कसे शाबूत राहिले? बग एकाच मॉड्यूलमध्ये असेल तर तो वापरणाऱ्यानं नाही, बनवतानाच आलेला असतो, एवढं तर आपल्या धंद्यात कळतं :-)

म्हणून वाचायला लागलो. योगायोग असा, की मी ज्या गावात अकरा वर्षं नोकरी करतोय त्या लीड्समध्येच या विषयावर अनेक दशकं काम झालंय. जे कळलं ते इथे लिहितोय. ज्यांच्या घरी लहान मुलं आहेत त्यांनी तरी वाचावं.

आधी थोडी ओळख. एनॅमल, शाळेच्या पुस्तकातलं दंतवल्क, हा आपल्या शरीरातला सगळ्यांत कठीण पदार्थ. वजनानं सुमारे ९६ टक्के खनिज, बाकी थोडं पाणी, आणि प्रथिन अगदी एक टक्क्याच्या आसपास. हाड किंवा दाताच्या आतलं डेंटीन यांत प्रथिनाचा वाटा कितीतरी जास्त असतो. हाड मोडलं तर जुळतं, कारण त्यात जिवंत पेशी असतात. एनॅमलमध्ये एकही नसते. ज्या पेशी ते बनवतात त्यांना अमेलोब्लास्ट म्हणतात. दात हिरडीतून बाहेर येईपर्यंत त्या सगळ्या संपलेल्या असतात. म्हणजे हे एकदाच होणारं रिलीज. टीम बरखास्त, नंतर पॅच नाही.

आणि हे काम होतं कधी? सहाव्या वर्षी दिसणाऱ्या त्या दाढेचं एनॅमल बनायला सुरुवात होते जन्माच्या सुमारास, आणि तिचा वरचा भाग तयार होतो अडीच-तीन वर्षांपर्यंत. पुढच्या पटाशीच्या कायमच्या दातांचं काम पहिल्या वर्षातच सुरू होऊन चार-पाच वर्षांपर्यंत चालतं. माल बाहेर येतो त्याच्या कित्येक वर्षं आधी कारखाना बंद झालेला असतो. सहा वर्षांच्या पोरीच्या दाढेत दोष दिसला, तर त्याची तारीख शोधायची तिच्या पाळण्यातल्या दिवसांत, कालच्या बर्थडे पार्टीत नाही.

आता मुख्य मुद्दा. एवढा कठीण पदार्थ बनतो कसा? मला वाटायचं, खनिज साचत साचत घट्ट होत असेल, शॉवरच्या नळावर पांढरा थर चढतो तसं. तसं नाही. सुरुवातीचं एनॅमल चक्क मऊ असतं. त्यात प्रथिन आणि पाणी मिळून खनिजापेक्षा जास्त भरतात. त्या प्रथिनांत सुमारे ९० टक्के वाटा एकट्या अमेलोजेनिनचा.

आपल्याकडे स्लॅब टाकताना सेंटरिंग करतात ते आठवा. आधी फळ्या, प्लेटा, टेकू लावून साचा उभा करायचा, मग काँक्रीट ओतायचं. अमेलोजेनिन म्हणजे दाताचं सेंटरिंग. ते स्फटिकांना दिशा देतं आणि एकमेकांना चिकटू देत नाही. त्यामुळे हायड्रॉक्सीअपेटाइटचे स्फटिक अतिशय पातळ, लांबच लांब फितींसारखे समांतर वाढतात. माणसात हे काम रोज साधारण ४ मायक्रॉन पुढे सरकतं, म्हणजे एका केसाच्या जाडीएवढा थर द्यायला दोन-अडीच आठवडे.

पण एका बाबतीत हे सेंटरिंग बांधकामापेक्षा वेगळं आहे. स्लॅबखालचे टेकू तसेच राहिले तर फार तर घर कुरूप दिसेल, स्लॅब मात्र पक्काच होणार. इथे साच्यानं जी जागा व्यापलीय, नेमकी तीच जागा पुढे स्फटिकांना जाड व्हायला हवी असते. साचा निघाला नाही तर खनिज भरणार कुठे? म्हणून हा साचा अचूक वेळी आणि अचूक क्रमानं काढावा लागतो. ते काम करणारे दोन एन्झाइम्स, पुस्तकी मराठीत विकरं, हे या गोष्टीचे खरे नायक.

पहिला एमएमपी-२०, ज्याला एनॅमलायसिन असंही नाव आहे. हा अगदी सुरुवातीपासून हजर असतो. साचा उभा राहत असतानाच तो अमेलोजेनिनला ठरावीक जागी कापतो, पूर्ण फस्त करत नाही. सुताराला फळी हव्या त्या मापात कापून देणारा माणूस समजा. या कापाकापीमुळेच साच्याला योग्य आकार येतो आणि पूर्ण जाडीचा थर तयार होतो.

दुसरा केएलके-४. हा येतो नंतर, जाडी पूर्ण झाल्यावर. त्याचं काम साफसफाई. उरलेल्या प्रथिनाचे तो बारीक बारीक तुकडे करतो, ते तुकडे बाहेर निघून जातात, रिकाम्या जागेत कॅल्शियम आणि फॉस्फेट येतं, आणि पातळ फिती जाड होत होत एकमेकींना भिडतात. या टप्प्याला परिपक्वतेचा टप्पा म्हणतात आणि कायमच्या दातांत तो काही वर्षं चालू राहू शकतो. गंमत म्हणजे केएलके-४ तयार होतो तो निष्क्रिय रूपात, आणि प्रयोगशाळेत दिसलंय की त्याला जागं करू शकतो तो एमएमपी-२०. पहिल्या शिफ्टनं दुसऱ्या शिफ्टच्या हातात किल्ली द्यावी तसं.

हे कळलं कसं? लीड्स विद्यापीठात जॉन वेदरेल, कॉलिन रॉबिन्सन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७०च्या दशकात अर्धवट बनलेल्या एनॅमलमध्ये पायरी पायरीनं प्रथिन किती घटतं आणि खनिज किती वाढतं हे मोजलं. अशा कामाला उंदीर फार सोयीचा, कारण त्याचे पुढचे दात जन्मभर वाढत राहतात. एकाच दातावर मुळाकडे नुकतं सुरू झालेलं काम, मध्ये अर्धवट आणि टोकाला तयार माल, असे सगळे टप्पे ओळीनं मिळतात. पुढे अमेरिकेत जॉन बार्टलेट यांच्या गटानं १९९६ मध्ये डुकराच्या वाढत्या दातांतून एमएमपी-२०चं जीन शोधलं, आणि १९९८ मध्ये जेम्स सिमर यांच्या गटानं, तेही डुकराच्याच दातांतून, आज केएलके-४ म्हणतात त्याचं.

मग प्रश्न आला, हे एन्झाइम काढून टाकले तर काय होईल? २००२ मध्ये एमएमपी-२० नसलेले उंदीर बनवले गेले. त्यांचं एनॅमल पातळ, रचना बिघडलेली, आणि आतल्या डेंटीनवरून पापुद्र्यासारखं सुटून येणारं. २००९ मध्ये केएलके-४ नसलेले उंदीर आले. त्यांचं एनॅमल जाडीला आणि नक्षीला ठीक, पण मऊ. स्फटिक एकमेकांत गुंतलेच नव्हते, कोरड्या शेवयांच्या जुडीसारखे सुटे राहिलेले. थोड्याच वापरानंतर ते तुटायचं. सेंटरिंग काढणारा माणूसच आला नाही तर काय होतं, हे यापेक्षा स्वच्छ दिसणार नाही.

हे फक्त उंदरांत होत नाही. काही कुटुंबांत जन्मतःच सगळ्या दातांचं एनॅमल सदोष असतं. या विकाराला अमेलोजेनेसिस इम्परफेक्टा म्हणतात. २००४ मध्ये अशा रुग्णांत केएलके-४च्या जीनमधला आणि २००५ मध्ये एमएमपी-२०च्या जीनमधला बिघाड पहिल्यांदा सापडला. दोन्ही प्रकारांत आई आणि वडील दोघांकडून बिघडलेली प्रत आली तरच आजार दिसतो. म्हणून नात्यात लग्नं होतात त्या समाजांत अशी उदाहरणं जास्त मिळतात. मामाच्या मुलीशी लग्न आपल्याकडेही अनेक घरांत होतं, तेव्हा हे दुसऱ्या कुणाचं दुखणं म्हणून बाजूला ठेवू नये. लीड्समधल्या ॲलन मायेल, ख्रिस इंगलहर्न आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अशा कुटुंबांचा अभ्यास करून २००९ मध्ये डब्ल्यूडीआर-७२ आणि २०१३ मध्ये एसएलसी-२४ए-४ अशी या विकाराची आणखी जीन्स शोधली. याच गटाच्या २०१७च्या एका निबंधात केएलके-४मधला चौथा ज्ञात बिघाड आहे. अशा घरांतल्या मुलांना वर्षानुवर्षं "नीट घासत नाहीस" हे ऐकावं लागलेलं असणार, याची कल्पना करा.

जीन्स ठीक असूनही सेंटरिंग अडकू शकतं. त्याचं आपल्याला जवळचं उदाहरण म्हणजे फ्लोराइड. यवतमाळ, चंद्रपूर, नांदेड या जिल्ह्यांतल्या काही गावांत भूजलात फ्लोराइड जास्त आहे. १९७२च्या दुष्काळानंतर गावोगाव बोअर आणि हातपंप झाले, लोक विहिरीवरून खोलच्या पाण्यावर आले. जिथे त्या पाण्यात फ्लोराइड जास्त, तिथे लहानपणापासून ते प्यायलेल्या मुलांचे दात पांढरट-तपकिरी पट्ट्यांचे होतात. कारण पुन्हा तेच. जास्त फ्लोराइड असलं की परिपक्वतेच्या टप्प्यात अमेलोजेनिन निघायला उशीर होतो, एन्झाइमचं काम मंदावतं, आणि खाली खनिज पुरतं भरत नाही. मोठं झाल्यावर त्या गावात राहायला गेलेल्या माणसाचे दात असे होत नाहीत, कारण त्याचा कारखाना आधीच बंद झालेला.

इथेही हे घडलंय. एसेक्समधलं मॉल्डन, ज्याचं मीठ आपण सेन्सबरीमधून आणतो, तिथल्या मुलांचे डागाळलेले दात नॉर्मन एन्सवर्थ यांनी १९३३ मध्ये ब्रिटिश डेंटल जर्नलमध्ये नोंदवले. तिथल्या पाण्यात फ्लोराइड लिटरला ४-५ मिलिग्रॅमच्या घरात होतं. पण त्या मुलांना कीड मात्र कमी होती. पुढे १९६४ पासून बर्मिंगहॅमच्या पाण्यात मुद्दाम फ्लोराइड घालायला लागले, पण लिटरला १ मिलिग्रॅम. भारतातली कमाल मर्यादा दीड मिलिग्रॅम, आणि इथलीही तेवढीच. तीच वस्तू, एका मापात दात वाचवते, चौपट मापात सेंटरिंग अडकवते. टूथपेस्टमधल्या फ्लोराइडला घाबरायचं कारण नाही, पण लहान मुलांनी ती गिळू नये असं सांगतात त्याचं कारण हे.

आता आमच्या लेकीकडे येतो. जनरल डेंटिस्टकडून हॉस्पिटलला रेफरल मिळायला आठ महिने गेले. तिथल्या डॉक्टरबाईंनी दाढा पाहिल्या, पुढच्या दातावरचा एक पांढुरका डाग पाहिला आणि लगेच नाव सांगितलं, एमआयएच, म्हणजे मोलर इन्सायझर हायपोमिनरलायझेशन. हे नाव २००१ मधलं. आजार मात्र अजिबात दुर्मिळ नाही. उत्तर इंग्लंडमधल्या १२ वर्षांच्या मुलांच्या पाहणीत तो सुमारे १६ टक्के मुलांत आढळला, म्हणजे तीसच्या वर्गात चार-पाच मुलं.

यात दोन्ही एन्झाइम्सची जीन्स शाबूत असतात, पण साफसफाई अपुरी राहते. डाग असलेल्या भागात प्रथिन नेहमीपेक्षा कितीतरी पट जास्त सापडतं, आणि त्यात अल्ब्युमिन, म्हणजे आपल्या रक्तातलं नेहमीचं प्रथिन, ठळक असतं. अल्ब्युमिन स्फटिकांना चिकटलं की त्यांची वाढ थांबते, हे लीड्सच्या गटानंही दाखवलेलं होतं. बाळ पहिल्या दोन-तीन वर्षांत आजारी पडलं, ताप आले, तर त्या वेळी काम चालू असलेल्या दातांत अशी गडबड होत असावी असा कयास आहे. एकच असं ठाम कारण नाही. पण जे कारण नाही ते त्या बाईंनी स्वच्छ सांगितलं. त्या माझ्या बायकोकडे बघून म्हणाल्या, "हे तुम्ही केलेलं नाही. खाण्यानं नाही, घासण्यानं नाही."

ती गाडीत बसेपर्यंत काही बोलली नाही. मग रडली. दीड वर्ष ती गरोदरपणातल्या कॅल्शियमच्या गोळ्या किती चुकल्या, दूध कधी बंद केलं, याचा हिशेब मनात मांडत बसली होती, हे मला तेव्हा कळलं. आणि लेकीनं शाळेच्या फोटोत तोंड मिटून हसायला सुरुवात केली होती, कारण फोनवरची सगळी वाक्यं तिच्याही कानावर पडत होती. मराठी येत नाही असं दाखवतात ही पोरं, पण स्वतःबद्दलचं सगळं बरोबर समजतं.

आता तिच्या दोन दाढांवर स्टीलच्या टोप्या बसवल्यात, ती आइस्क्रीम खाते. खूप पुढची गोष्ट म्हणजे, पेशी नसलेल्या एनॅमलला नव्यानं साचा पुरवायची कल्पनाही लीड्समध्येच रुजली. अमालिया अगेली आणि सहकाऱ्यांनी १९९७ मध्ये नेचरमध्ये आपोआप जुळणाऱ्या छोट्या पेप्टाइड्सवर निबंध लिहिला. त्यातूनच पुढे पी११-४ नावाचं पेप्टाइड आलं. ते सुरुवातीच्या किडीत सोडलं की आत जाऊन जाळं बनवतं आणि लाळेतलं कॅल्शियम त्यावर बसतं. २०१३ मध्ये १५ प्रौढांवरच्या पहिल्या चाचणीचे निकाल आले. एमआयएचवरचा हा रामबाण नव्हे, पण विचार तोच, आधी सेंटरिंग, मग भराव.

तर मंडळी, कामाच्या चार गोष्टी:

१. मूल पाच-साडेपाच वर्षांचं झालं की सगळ्यात मागे, दुधाच्या दातांच्या पाठीमागे, नवी दाढ येतेय का ते टॉर्च लावून बघा. या दाढेआधी काही पडत नाही, त्यामुळे ती आलेली कळतच नाही. पिवळा, तपकिरी किंवा खडूसारखा डाग दिसला तर थांबू नका, डेंटिस्टला "एमआयएच आहे का?" असं थेट नाव घेऊन विचारा. १८ वर्षांखालच्यांना एनएचएसचे दातांचे उपचार मोफत आहेत.

२. मूल घासताना दुखतं म्हणालं तर तो आळस समजू नका. अशा दाढा फार संवेदनशील असतात आणि भुलीचं इंजेक्शनही त्यांना नीट लागू पडत नाही, हे डेंटिस्टला आधीच सांगितलेलं बरं. कोमट पाण्यानं घासू द्या.

३. तीन वर्षांखाली पेस्ट तांदळाच्या दाण्याएवढी, तीन ते सहा वाटाण्याएवढी. थुंकायचं, पण वर चूळ भरायची नाही. सदोष एनॅमलला कीड लवकर लागते, म्हणून गोडाचा नियम या मुलांना जास्तच लागू. ज्यूसवाल्या डेंटिस्टचा सल्ला चुकीचा नव्हता, निदान चुकीचं होतं.

४. सगळ्याच दातांना दोष असेल, दुधाच्यासुद्धा, तर ते वेगळं. घराण्यात आणखी कुणाला आहे का विचारा आणि ते डॉक्टरांना सांगा, जेनेटिक तपासणीचा प्रश्न येऊ शकतो.

आणि पाचवी गोष्ट, जी कुठल्या लीफलेटमध्ये छापलेली नाही. पुढच्या वेळी कुणाच्या घरी गणपतीला गेलात आणि एखाद्या मुलाचा दात तपकिरी दिसला, तर त्याच्यासमोर काही बोलू नका, आणि त्याच्या आईलाही काही विचारू नका. त्या दाताचा निकाल लागला तेव्हा ते मूल बहुधा रांगत होतं.

– एक लीड्सकर